पुस्तक निवडायचे कोणी?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आमचा विषय जणू ठरलेलाच होता. आम्ही इतिहासाचे शिक्षक. कोल्हापूर संस्थानातील वसतिगृहांची चळवळ, माणगावची १९२० ची परिषद किंवा राजर्षी शाहू महाराजांचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, यांपैकीच काहीतरी आमच्याकडून येणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. या विषयांवर आम्ही पूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. या वेळी मात्र थोडे खाजगी लिहिण्याची परवानगी आम्ही मागून घेतली आहे.

गेली काही वर्षे बिद्री परिसरातील आम्ही नऊ-दहा वाचक दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकत्र बसतो आणि एका पुस्तकावर बोलतो. या बैठकांनी आमच्या वाचनाच्या सवयींना काही धक्के दिले. ते निवासी शाळा चालविणाऱ्यांनी, तेथे शिकविणाऱ्यांनी आणि तेथे शिकणाऱ्यांनी जाणून घ्यावेत, असे आम्हांला वाटते. मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यायचे, हे आपण रोज ठरवीत असतो. ते आपणच का ठरवावे, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

प्रथम आमच्या सवयींविषयी. आम्ही पेन्सिलीशिवाय वाचत नाही. एम.ए.चा अभ्यास करताना लागलेली ही सवय तीस वर्षांत सुटली नाही. पुरावा सापडला की समासात खूण, नेमके वाक्य सापडले की त्याखाली दोन रेघा, शंका आली की प्रश्नचिन्ह. कादंबरी आम्ही उशिरा वाचू लागलो आणि वाचली तीही दप्तरखान्यातील कागद वाचावा तशीच. हाती घेतलेले पुस्तक अर्धवट सोडणे आम्हांला अपराधासारखे वाटे, कारण पुस्तक विकत घेण्यासाठी घरातील कोणत्या खर्चाला कात्री लागते, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. आणि करमणुकीसाठी वाचणे ही चैन आपल्या समाजाला परवडणारी नाही, अशी आमची ठाम समजूत होती.

ही समजूत आकाशातून पडलेली नव्हती. कोल्हापुरात सार्वजनिक ग्रंथालय १८५० मध्ये सुरू झाले. आजचे करवीर नगर वाचन मंदिर ते हेच. त्यानंतर पाच वर्षांनी, १८५५ मध्ये, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्ञानाची दारे आमच्यासाठी बंद का, असा जाब विचारणारे ते लेखन होते. एकीकडे ग्रंथालये उघडत होती आणि दुसरीकडे अक्षर शिकण्याचा अधिकार मागण्यातच एका समाजाच्या पिढ्या खर्ची पडत होत्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये झाला, आणि आमची पिढी वाचू लागली तोवर गावोगावी ‘ड’ वर्गाची का होईना, वाचनालये झाली होती. इतक्या उशिरा हाती आलेली वस्तू माणूस हत्यारासारखीच धरणार. त्यात गैर काही नव्हते. चूक एवढीच झाली, की हत्यार उगारून धरलेल्या हाताला पुस्तकाचे पान सावकाश उलटता येत नाही, हे आमच्या ध्यानात आले नाही.

आमच्या आयुष्यातील पहिले वाचक मंडळ बिद्रीचे नव्हे. ते आमच्या गावच्या विहारातले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने तेथे रोज रात्री ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी अनुवाद १९७० मध्ये आला. आम्ही सातवीत होतो. उच्चार स्वच्छ म्हणून वाचनाचे काम आमच्याकडे आले होते. समोर दिवसभर शेतात राबून आलेली माणसे बसलेली असत. काहींचे डोळे मिटत, पण कोणी उठून जात नसे.

एके रात्री रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादाचा भाग आला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून गृहत्याग कसा घडला, याची बाबासाहेबांनी केलेली मांडणी सर्वांना ठाऊक आहे. आम्ही वाचत असताना आमची आजी मध्येच म्हणाली, “का रं बाळा, त्या नदीचं पानी आपल्याला भरू दिलं असतं का त्यांनी?” दोन-चार जण हसले. एका वडीलधाऱ्यांनी तिला दटावले, “म्हातारे, गप ऱ्हा. ग्रंथ चाललाय.” आजी गप्प झाली. आम्ही पुढचे पान वाचले.

त्या रात्री विहारात वाचन आम्ही करीत होतो, पण वाचक एकच होती आणि ती निरक्षर होती, हे आम्हांला कळायला चाळीस वर्षे लागली. शाक्यांच्या पाणवठ्यावर खालच्या माणसाचे स्थान काय, हा प्रश्न इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला भूषणावह ठरला असता. आजीला दटावले जाणे हा त्या ग्रंथाचा दोष नव्हता. उलट, त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच चार प्रश्न मांडले आहेत. बुद्धांनी परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतील आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा, आणि भिक्खूसंघाचे प्रयोजन काय, असे ते प्रश्न आहेत. वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उकलीत भर घालावी, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली आहे. ज्या ग्रंथाचा कर्ता वाचकाला प्रश्न विचारायला बोलावतो, त्याच ग्रंथासमोर आम्ही प्रश्न विचारणाऱ्या म्हातारीला गप्प बसविले. शेजारच्या आळीत श्रावणात पोथी लागे. त्या पोथीला आम्ही नावे ठेवीत होतो, आणि आमच्या ग्रंथाचीही हळूहळू पोथी करीत होतो.

आता बिद्रीच्या मंडळाविषयी. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाहीत. आमच्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक चिटबॉय आहेत. त्यांना सारे मामा म्हणतात. गारगोटी रस्त्यावर हयात घालविलेले एक एस.टी. वाहक आहेत, एक अंगणवाडी सेविका ताई आहेत, एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन तरुण शेतकरी आणि आम्ही काही शिक्षक. नियम दोनच. पुस्तक पाळीपाळीने एकेकाने निवडायचे आणि ते नाकारायचा अधिकार कोणालाही नाही. आणि पुस्तकाला नावे ठेवायची असतील, तर आधी ते पूर्ण वाचायचे. प्रती दोनच मिळतात, कधी एकच. त्यामुळे पुस्तक हातोहात फिरते. कोणी किती दिवस ठेवायचे, याची तारीख वाहकमहाशय तिकिटावर टाकावी तशी पहिल्या पानावरील चिठ्ठीवर टाकतात. एकाने केलेल्या खुणा पुढच्या साऱ्यांना दिसतात. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे येईलच.

वाहकमहाशयांच्या पाळीला ‘मृत्युंजय’ आले. १९६७ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आपल्याच जिल्ह्यातील आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची. कोल्हापूर जिल्ह्यात जिच्या घरात चार पुस्तके आहेत, त्या घरात त्यांतले एक हे असते. आम्ही ती त्या दिवसापर्यंत मुद्दाम वाचलेली नव्हती. महाभारताच्या वाटेला पुन्हा कशाला जायचे, हा आमचा पवित्रा. नियम म्हणून वाचायला घेतली आणि कबूल करतो, तीन रात्री दिवा लवकर मालवला गेला नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांनी आपापल्या तोंडून सांगितलेली ती कथा वाचकाला धरून ठेवते.

तरीही बैठकीत आम्ही आमचा आक्षेप मांडला. कर्णाच्या अपमानाने वाचक हळहळतो, पण त्या हळहळीच्या तळाशी एक दिलासा दडलेला असतो, की हा मुळात सूताचा मुलगा नाहीच, हा कुंतीचा पुत्र आहे. म्हणजे चूक कसली झाली? उच्च कुळातील माणसाला चुकून खालच्या पायरीवर बसविले गेले, एवढीच. पायऱ्या असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न तसाच राहतो. अधिरथाचा सख्खा मुलगा त्या रंगमंडपात उभा राहिला असता आणि तितकाच शूर असता, तर त्याच्यासाठी आपण किती रडलो असतो?

हे बोलताना आम्हांला आधार होता तो बाबासाहेबांच्याच बालपणाचा. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे का वाचायचे, असे भीमरावांनी विचारले, तेव्हा द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी साधी माणसे केवढ्या उंचीवर गेली ते पाहा, म्हणजे मनातील न्यूनगंड जाईल, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातील थोर पात्रे आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच मुलाच्या हाती ठेवले आणि त्या वाचनाने कोणती वाट उघडली, हे आपण जाणतोच. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वडिलांनी निवडलेले पुस्तक मुलाने टाळले नाही. वाचले, आणि मग नापसंत केले. आम्ही मात्र ‘मृत्युंजय’ न वाचताच नापसंत करून बसलो होतो.

मामांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, तुमचं खरं असंल. पर मी सायबाच्या दारात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन तासतास उभा ऱ्हायचो, तवा मला त्यो कर्ण आठवायचा. त्याची आई कोन हुती, हे कवा मनातबी आलं न्हाई.” आमचा आक्षेप आजही कायम आहे. पण पुस्तकातून माणूस काय उचलतो, हे पुस्तक एकटे ठरवीत नाही, एवढे त्या दिवशी शिकलो. जाता जाता मामांनी आमच्या खुणांनी भरलेली प्रत हातात तोलून विचारले, “सर, तुमी पुस्तक वाचतासा का पंचनामा करतासा?” सारे हसले. आम्हीही हसलो, पण ते वाक्य घरापर्यंत सोबत आले.

पुढे मामांची पाळी आली. त्यांनी आनंद यादवांचे ‘झोंबी’ निवडले. कागल हे आमच्या तालुक्याचे गाव आणि यादव त्या गावचे. १९८७ मध्ये आलेल्या या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. येथेही आमच्या मनात आधीच अढी होती. शिवाराशी आणि बैलजोडीशी नाते असलेल्या घरातील दुःख ते कितीसे असणार, असे आम्ही मनाशी म्हटले होते. पुस्तक वाचताना ती अढी टिकली नाही. शाळेत जाऊ देत नाही म्हणून बापाशी झुंजणारा तो पोर आम्हांला परका वाटेना.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट आम्हांला विशेष टोचली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्यानंतर पाव शतक उलटल्यावरही, महाराजांचे मूळ घराणे ज्या कागलचे त्याच कागलात, एका मुलाला पाटी-पुस्तकासाठी घरातच लढावे लागत होते. आम्ही वर्गात १९१७ चा निर्णय गेली कित्येक वर्षे शिकवितो. निर्णय आणि मूल यांच्यामध्ये केवढे अंतर असते, ते आम्हांला या कादंबरीवजा आत्मकथनाने दाखविले. अर्थात फरकही आहे आणि तो बैठकीत आम्ही बोलून दाखविला. या मुलाला शाळेपासून अडविणारा त्याचा बाप होता. आमच्या बापजाद्यांना अडविणारे सारे गाव होते. मामांनी मान डोलावली. तो फरक त्यांना मान्य करता आला, कारण त्याआधी आम्ही त्यांचे पुस्तक मनापासून वाचले होते. न वाचता बोललो असतो, तर वाद झाला असता आणि दोघेही जागच्या जागी राहिलो असतो.

मग आमची पाळी आली. आम्ही बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ निवडले. निवडताना मनात थोडी परतफेडीची भावना होती, हे लपवीत नाही. तुमचे कर्ण आणि तुमची शेते आम्ही वाचली, आता आमचे वाचा, अशी. फलटणच्या या माउलीने छोट्या दुकानात बसून, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतील कागद वाचीत वाचनाची भूक भागविली. जे लिहिले ते घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. पुढे फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी वंचित मुलांसाठी निवासी शाळा उभी केली, म्हणून या स्मरणिकेत त्यांचे नाव आदराने घेणे उचितच आहे.

पुस्तक आम्ही पूर्वी दोनदा वाचले होते. आमची स्वतःची प्रत, खुणा केलेली, फिरायला दिली. बैठकीत सुरुवातीला बराच वेळ शांतता होती. ती शांतता आमच्या अपेक्षेप्रमाणेच होती. जातीने केलेल्या छळाची वर्णने वाचून मंडळी अवघडली असणार, असे आम्ही समजलो. मग अंगणवाडीच्या ताई बोलल्या. “सर, तुमच्या खुणा बघत बघत मी वाचलं. गावानं माणसांना कसं वागवलं, तिथं प्रत्येक ओळीखाली रेघ आहे. पण सासरी सुनेला मारतात, पळून गेलेल्या पोरीच्या पायात लाकडाचा खोडा घालतात, ती पानं कोरी आहेत. तिथं तुमची पेन्सिल का उठली नाही?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रत परत आल्यावर घरी जाऊन पाने तपासली. ताईंचे म्हणणे तंतोतंत खरे होते. दोनदा वाचलेल्या पुस्तकातील ती पाने आम्ही पाहिली होती, पण वाचली नव्हती. आम्हांला बाहेरच्या जगाविरुद्ध पुरावा हवा होता आणि बेबीताईंनी तर घरातल्या जगाचाही पुरावा मांडून ठेवला होता. तो आमच्या पुरुषांविरुद्ध, पर्यायाने आमच्याविरुद्ध जात होता, म्हणून पेन्सिल थांबली. हा लेख लिहिताना आम्ही ‘आम्ही’ असे लिहीत आहोत. ही आमची जुनी सवय. चळवळीत वाढलेल्या माणसाला ‘मी’ म्हणणे जड जाते. बेबीताईंच्या पुस्तकाच्या नावातही ‘आमुचं’ आहे. परंतु त्यांच्या ‘आमुचं’मध्ये पायात खोडा पडलेली सून आहे, आमच्या ‘आम्ही’मध्ये ती होती काय, हा प्रश्न त्या रविवारपासून आमची पाठ सोडीत नाही. तो प्रश्न विचारणारी बाई दुसऱ्या समाजातील होती, आणि तिने तो आम्हांला खाली पाहायला लावण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या सासरची आठवण दाटून आल्यामुळे विचारला होता. पुढचा अर्धा तास ती तिच्या सासूविषयी बोलत होती. त्या दिवशी बेबीताईंचे पुस्तक प्रथमच आमच्या ताब्यातून सुटले आणि सर्वांचे झाले.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे शाळेच्या ग्रंथालयाचा कारभार होता. सातवीतील एक मुलगा मधल्या सुट्टीत आला. ऊसतोडीसाठी दरसाल इकडे उतरणाऱ्या एका कुटुंबातील, शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलेला. त्याने ‘फास्टर फेणे’ मागितले. कोणाकडून तरी नाव ऐकले होते. भा. रा. भागवतांची ती पुस्तके कपाटात होती. आम्ही म्हणालो, “अरे, त्यात काय आहे? हे वाच. उपयोगी पडेल.” आणि एका महापुरुषाचे जाडजूड चरित्र त्याच्या हाती दिले. त्याने दोन्ही हातांनी ते घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आणून दिले. “वाचलंस?” असे विचारले, तर “हो सर” म्हणाला.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही जुनी देवघेव नोंदवही काढून पाहिली. इतिहासाच्या माणसाचा नोंदवहीवर विश्वास. त्या मुलाचे नाव त्या वर्षात एकदाच आहे. पुढच्या वर्षात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याच वहीत आणखी एक गोष्ट दिसली. बाबासाहेबांची चरित्रे दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर पडतात आणि चौदा तारखेची वक्तृत्व स्पर्धा आटोपली, की परत येतात. उरलेले अकरा महिने ती कपाटात स्वस्थ असतात. मुले भाषणे उत्तम करतात. १९१७ मध्ये लंडनहून परतताना बाबासाहेबांचे ग्रंथ घेऊन येणारे जहाज कसे बुडविले गेले, राजगृह ही वास्तू ग्रंथांसाठी म्हणून कशी बांधली, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. पण ज्या माणसाने पुस्तकांवर इतके प्रेम केले, त्याला कोणती पुस्तके आवडली नाहीत, हे एकाही भाषणात येत नाही. आम्हीच ते कधी सांगितले नाही. अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, मुले रांगेत बसून वाचतात, छायाचित्र निघते. उपक्रम वाईट नाहीत. परंतु त्यांतील एकाही दिवशी आम्ही मुलांना, “तुला काय वाचायचे आहे?” असे विचारल्याचे आठवत नाही.

यावर आमचे काही सहकारी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, की आपल्या मुलांजवळ वेळ थोडा आहे. बाहेरच्या मुलांच्या घरी दोन पिढ्यांची पुस्तके आहेत. आपली मुले कोपीवरून आणि पालावरून येतात. त्यांना आधी इतिहास कळू द्या, आपण कोण आहोत हे कळू द्या, साहसकथा नंतर. आम्हीही वीस वर्षे हेच म्हणत होतो. आता असे वाटते, की यात क्रम उलटा लागला आहे. ज्या मुलाला वाचनाची गोडीच लागली नाही, त्याच्यासाठी ‘नंतर’ कधी येतच नाही. आणि ज्याला ती लागली, तो एक दिवस त्याच कपाटातील जाड चरित्रापर्यंत स्वतःच्या पायांनी जातो. मग त्याला ते वाचल्याचे खोटे सांगावे लागत नाही. आमच्या आग्रहाने त्या मुलाच्या हाती महापुरुष गेला नाही. आमच्याशी खोटे बोलण्याचा पहिला प्रसंग मात्र त्याच्यावर आला.

शिवाय येथे तत्त्वाचाही प्रश्न आहे. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण मुलांना शिकवितो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. हे आपण फळ्यावर लिहितो आणि मागे वळून कपाटाला कुलूप लावतो. ज्याला पुस्तक निवडण्याइतका विश्वास आपण देत नाही, तो विचार निवडायला कसा शिकणार?

म्हणून या विद्यालयाच्या चालकांपुढे आणि सहकारी शिक्षकांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, महिन्याचे एक पुस्तक मुलांनी निवडावे, पाळीपाळीने, आणि ते शिक्षकांनीही वाचावे. आम्ही मोठ्यांनी ‘मृत्युंजय’ वाचले, तर आपण ‘फास्टर फेणे’ का वाचू नये? दुसरी, ग्रंथालयाचे कपाट किमान रविवारी दिवसभर उघडे असावे आणि त्या दिवशीची नोंदवही मुलांनीच लिहावी. चार पुस्तके हरवतील. जी पुस्तके वाळवीने खाल्ली, त्यांपेक्षा ही हानी आम्ही आनंदाने सोसू. तिसरी, पुस्तक आवडले नाही असे म्हणण्याचा आणि ते अर्धवट ठेवण्याचा मुलांना हक्क असावा, आपल्या आदराच्या पुस्तकांबाबतसुद्धा. फक्त का आवडले नाही, ते चार वाक्यांत सांगावे. रामजी सुभेदारांच्या घरात एका मुलाला तो हक्क होता. त्याचे काय झाले, हे आपण सर्व जाणतो.

आमच्यापुरते सांगायचे, तर पेन्सिल अजून सुटलेली नाही. सुटणारही नाही. पण आता आम्ही पुस्तक एकदा पेन्सिलीशिवाय वाचतो, मग पेन्सिल घेतो, आणि शेवटी कोऱ्या राहिलेल्या पानांवरून पुन्हा एकदा नजर फिरवितो. ही तिसरी फेरी ताईंनी शिकविलेली. पुढील महिन्याची पाळी पोस्टमास्तरांची आहे. ते कोणते पुस्तक आणणार, ते अजून सांगत नाहीत. आणि येत्या वर्षावासात विहारातील वाचनाला बसणाऱ्या तरुणांना आमची एवढीच विनंती आहे: मागच्या रांगेतून एखादी म्हातारी मध्येच काही विचारू लागली, तर पान उलटू नका. थांबा. तिला आधी बोलू द्या.

जय भीम.